मेंदू, मन आणि येरवडा



आपल्या गावाचे नाव उभ्या महाराष्ट्रात दोन प्रकारे घेतले जाते. कोणी जरा विसंगत बोलू लागला की "याला येरवड्याला पाठवा" असे म्हणून लोक हसतात. आणि कोणी अफरातफर केल्याचे कानावर आले की "आता येरवड्याची हवा खाईल" असे म्हणून समाधान मानतात. येथे राहणाऱ्यांना या विनोदांचा वीट आला असेल. तरीही आजचे बोलणे आम्ही त्यांच्यापासूनच सुरू करतो, कारण या दोन विनोदांच्या मागे दोन भिंती उभ्या आहेत, आणि त्या भिंतींच्या मध्ये आजचा सारा विषय सापडतो. एक भिंत मध्यवर्ती तुरुंगाची, दुसरी मनोरुग्णालयाची. आतल्या माणसाबद्दल पहिली भिंत म्हणते, "हे याने केले." दुसरी म्हणते, "हे याला झाले." केले आणि झाले या दोन क्रियापदांतले अंतर नेमके किती, आणि ते ठरवायचे कोणी? मनुष्याची जाणीव, त्याची इच्छा आणि त्याचे राग-लोभ जर मेंदूतूनच निघत असतील, तर हा प्रश्न सुटतो की अधिकच गुंततो? आज त्याचा थोडा विचार करू.

आरंभ जाणिवेपासून करणे सोयीचे. येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधी सहा वर्षांची शिक्षा भोगत होते, तेव्हा १९२४ च्या जानेवारीत त्यांचे आंत्रपुच्छ सुजले. त्यांना नदीपलीकडे ससून रुग्णालयात नेण्यात आले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्याने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. त्याआधी नामदार श्रीनिवास शास्त्र्यांच्या समक्ष गांधीजींनी संमतिपत्रावर सही केली, आणि मग त्यांना गुंगी देण्यात आली. शस्त्रक्रिया चालू असतानाच विजेचे दिवे गेले, व उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ही हकीकत आपण ऐकलेली असेल. आमचे लक्ष वेधले जाते ते निराळ्याच गोष्टीकडे. खोलीतले दिवे का गेले हे कोणताही तारमिस्त्री सांगू शकला असता. परंतु त्या थोर माणसाच्या आत जो दिवा काही वेळापुरता मालवला होता, तो नेमका कोठे होता आणि कशाने मालवला, हे त्या खोलीतल्या कोणालाही सांगता आले नसते.

योगायोग असा की, त्याच १९२४ साली जर्मनीत हान्स बेर्गर नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने जिवंत माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली. पाच वर्षे ती स्वतःजवळच ठेवून १९२९ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. मनुष्य जागा असतो तेव्हा या लहरी चपळ व बारीक असतात. गाढ झोपेत किंवा गुंगीत त्या संथ व मोठ्या होतात. पुढे १९४९ मध्ये मोरुत्झी व मॅगून या शास्त्रज्ञांनी दाखवले की, मेंदूच्या देठात मज्जापेशींचे एक जाळे आहे. झोपलेल्या मांजराच्या त्या भागाला विजेचा सौम्य स्पर्श केला तर त्याच्या मेंदूतल्या लहरी जागेपणीच्या होतात. म्हणजे जागे राहण्याची किल्ली या देठात आहे. येथे अपघात झाला तर वरचा मेंदू शाबूत असूनही मनुष्य वर्षानुवर्षे बेशुद्ध राहू शकतो.

आता एक मौजेची गोष्ट पाहा. मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत, अशी आजची मोजदाद आहे. त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज मागच्या बाजूच्या लहान मेंदूत आहेत. हा लहान मेंदू जन्मतःच नसलेली माणसेही आढळली आहेत. त्यांची चाल अडखळते, बोलणे जड होते. पण सुखदुःख त्यांना आपल्यासारखेच कळते. तेव्हा पुष्कळ पेशी एकत्र आल्या की जाणीव आपोआप उपजते, हे म्हणणे टिकत नाही. गुंगीच्या औषधांवर जे संशोधन झाले त्यातून दिसते ते असे की, गुंगीत मेंदू बंद पडत नाही. कानावरचा आवाज मेंदूच्या पहिल्या चौकीपर्यंत पोचतो, पण तेथून पुढे निरोप जात नाही. मेंदूच्या दूरदूरच्या भागांचे एकमेकांशी चाललेले बोलणे तुटते. एखाद्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडात माणसे आहेत, पण मधली दारे लागली आहेत, असे काहीसे ते असावे.

जाणीव बाहेरून दिसते तेवढीच असते, असेही समजू नये. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये एका तरुण स्त्रीची तपासणी झाली. अपघातानंतर तिला कसलीच शुद्ध नाही, असे डॉक्टरांचे निदान होते. चुंबकीय यंत्रात ठेवून तिला सांगण्यात आले की, आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर. तिच्या मेंदूत हालचालींची आखणी करणारा भाग निरोगी माणसासारखाच उजळला. बोट हलत नव्हते, ओठ हलत नव्हते. पण आत कोणीतरी सांगितलेले ऐकत होते. अशा रुग्णाच्या उशाशी बसून नातेवाईक त्याच्याच मिळकतीच्या वाटण्या करतात, हे आपण पाहतो. ते त्याला ऐकू जात असेल काय, हा विचार आता करावा लागेल.

इतके सारे कळले, तरी एक गाठ सुटलेली नाही. हळदीचा पिवळेपणा डोळ्यांवाटे कोणत्या पेशींना कसा पोचतो हे सांगता येते. पण त्या पेशींच्या खटपटीतून 'पिवळे दिसले' ही प्रचीती का उमटते, हे कोणी सांगू शकलेले नाही. आपल्याकडे हा वाद जुना आहे. चार्वाकांचे मत असे की, मद्याच्या घटकांत वेगवेगळी नशा नसते, ते आंबवून एकत्र केले की ती उपजते. तसेच देहात चैतन्य उपजते. सांख्यांनी याच्या अगदी उलट मांडणी केली. पण त्यांनीही मन व बुद्धी यांना जडातच, प्रकृतीच्या पदरात घातले आणि पुरुषाला केवळ साक्षी म्हणून वेगळे ठेवले. म्हणजे मन हे जड साधन आहे म्हटल्याने काही अधर्म होतो, असे समजण्याचे कारण नाही. आमचा स्वतःचा कल चार्वाकांकडे आहे, हे लपवत नाही. मात्र मद्य कसे आंबते हे आज रसायनशास्त्र पायरीपायरीने दाखवते. मेंदूच्या बाबतीत तशा पायऱ्या अजून हाती आलेल्या नाहीत, हेही कबूल केले पाहिजे.

भावनांच्या बाबतीत आपण जरा पुढे आलो आहोत, आणि त्यातली एक वाट आपल्याच देशातून गेली आहे. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांना आणि खेडोपाडीच्या जाणत्यांना पूर्वापार ठाऊक होती. उन्मादात ती देत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्मादावर आणि रक्तदाबावर होणारा गुण शास्त्रीय नियतकालिकात मांडला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा पाश्चात्य डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्ये त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि दोनच वर्षांत अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांतून ते वापरले जाऊ लागले. ज्यांना खोलीत कोंडून ठेवावे लागे अशी माणसे शांत होऊन बोलू लागली. त्याच सुमारास क्लोरप्रोमाझिन हे दुसरे औषध फ्रान्समध्ये निघाले होते. पुढे तेच अधिक चालले. मनोरुग्णालयांच्या इतिहासाचे त्या दशकाच्या आधी आणि नंतर असे दोन भाग पडतात. त्याआधी जे होते ते मुख्यतः कुलूप, गार पाणी आणि परिचारकाचे मनगट. १९३८ पासून विजेचे झटकेही देत. ते गुंगीशिवाय देण्यास आता आपल्या कायद्याने बंदी आहे.

पण रिसर्पिनने एक विलक्षण गोष्टही उघडकीस आणली. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण कारण नसताना खिन्न झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. घरी काही दुःख नाही, नोकरी ठीक, मुले बरी. आणि तरी मनुष्य भिंतीकडे तोंड करून पडलेला. पुढे या निरीक्षणावर शंकाही घेतल्या गेल्या. परंतु त्यातून संशोधक ज्या मार्गाला लागले तो खरा ठरला. मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात ते काही द्रव्यांच्या मार्फत, आणि रिसर्पिन त्यांतल्या काही द्रव्यांचा साठा रिकामा करते. मग भावना म्हणजे ही द्रव्येच, असे समजू नये. पत्र कागदावर लिहितात म्हणून कागद म्हणजे पत्र होत नाही. पण कागदच संपला तर पत्र कोठून येणार?

भीतीचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी एकेक गाठ आहे. तिला अमिग्डाला म्हणतात. एका अमेरिकन बाईच्या या दोन्ही गाठी आजाराने नष्ट झाल्या होत्या. साप, कोळी, अंगावर आलेला सुरा, कशाचेच तिला भय वाटत नसे. भीतीचे घर सापडले असे सर्वांना वाटले. नंतर संशोधकांनी तिला अधिक कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, आणि ती बाई जिवाच्या भीतीने कासावीस झाली. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. बाहेरच्या सापाची भीती एका वाटेने येते, आतून जीव गुदमरतो त्याची दुसऱ्या वाटेने. भावना एका गाठीत राहत नाही. छाती, पोट, श्वास यांची खबर घेत मेंदू ती घडवीत असतो. "पोटात गोळा आला" हे आपले बोलणे या दृष्टीने चांगलेच शास्त्रीय आहे.

आता इच्छेकडे वळू. तुरुंगाची भिंत तिच्यावरच उभी आहे. रिसर्पिन दिलेले ससे निपचित पडतात. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये अशा सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले, आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. या द्रव्यापासून मेंदूत डोपामिन तयार होते. ते कमी पडले की कंपवात जडतो: मनुष्याला उठायचे असते, पण उठणे सुरूच होत नाही. हेच एल-डोपा आपल्या खाजकुयलीच्या बियांत असल्याचे १९३७ मध्येच भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले होते. शाळेत एकमेकांच्या पाठीत जी कुयली घालून पोरे मार खातात, तिच्याच शेंगेत उठून चालण्याची इच्छा अमलात आणणारे द्रव्य असावे, ही निसर्गाची थट्टाच म्हणायची.

इच्छा आणि कृती यांच्या मधली फट पुष्कळांनी चाचपून पाहिली आहे. कॅनडात वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यवैद्य जाग्या रुग्णाच्या उघड्या मेंदूला विजेचा स्पर्श करीत. रुग्णाचा हात वर जाई, पण तो म्हणे की हे मी केले नाही, तुम्ही केलेत. पाहा, रुग्णालयाच्या टेबलावरही तीच दोन क्रियापदे! उलट २००९ मध्ये फ्रान्समध्ये मेंदूच्या दुसऱ्याच भागाला असा स्पर्श केला असता रुग्णांना हात हलवण्याची इच्छा झाली. वीज वाढवली तेव्हा आपण तो हलवला असेही त्यांना वाटले, हात जागचा हललेला नसताना. १९८३ मध्ये बेंजामिन लिबेट यांनी दाखवले की, मनाला येईल तेव्हा मनगट हलवा असे सांगितले असता, मेंदूतली तयारी हालचालीच्या अर्ध्या सेकंदाहून थोडी आधी सुरू होते. 'आता हलवावे' असे माणसाला जाणवते ते मात्र हालचालीच्या जेमतेम एक-पंचमांश सेकंद आधी. यावरून कित्येकांनी जाहीर करून टाकले की, इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे. आम्हाला ही घाई वाटते. २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवले की, ती आधीची तयारी म्हणजे मेंदूत सतत चाललेली चढउतारही असू शकते. ती एका पातळीला पोचली की हात हलतो, इतकेच. शिवाय कारण नसताना मनगट हलवणे ही इच्छेची फारच दुबळी परीक्षा आहे.

खरी परीक्षा पाहायची तर याच तुरुंगाच्या आवारात जाऊ या. २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी येथे उपवास सुरू केला. २४ तारखेला पुणे करार झाला आणि २६ तारखेला उपवास सुटला. त्या उपवासाच्या राजकारणाबद्दल या सभेत एकमत नसणार, आणि डॉ. आंबेडकरांवर त्याने जो असह्य भार टाकला त्याची आठवण ठेवणारे येथे बरेच असतील. त्यांचे म्हणणे आम्हाला रास्त वाटते. आपल्याला पाहायचे आहे ते एवढेच: भूक ही मेंदूतली अगदी जुनी यंत्रणा आहे. बाळकृष्ण आनंद या भारतीय शरीरशास्त्रज्ञाने ब्रोबेक यांच्याबरोबर १९५१ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, हायपोथॅलॅमस या भागाच्या दोन्ही कडा नष्ट केल्या की प्राणी अन्न समोर असून खात नाही आणि मरतो. बाहेरून पाहिले तर उंदीरही उपाशी आणि महात्माही उपाशी. परंतु उंदराच्या मेंदूतली भूक गेलेली असते; गांधीजींची भूक जागी होती, आणि कपाळामागचा मेंदू, जेथे दूरच्या हेतूंचा विचार होतो, तिला तास-तास अडवून धरत होता. दोन्ही गोष्टी मेंदूतच घडल्या. म्हणून मेंदूत घडले ते सारे 'झाले' या सदरात टाकता येत नाही. कित्येक गोष्टी मेंदूत घडतात म्हणूनच माणसाने त्या 'केल्या' असे म्हणता येते.

तर मग तुरुंगात कोणी जावे आणि रुग्णालयात कोणी? कायद्याचे उत्तर जुने आहे. १८६० च्या दंडविधानाचे कलम ८४ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेचे कलम २२ झाले आहे, आशय तोच. मनोविकृतीमुळे जर कृत्याच्या वेळी माणसाला कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे हे समजण्याची शक्तीच नसेल, तर तो गुन्हा नव्हे. लक्षात घ्या, कायदा फक्त समजण्याबद्दल विचारतो. समजत होते पण आवरता आले नाही, ही तक्रार आपली न्यायालये ऐकत नाहीत. आणि मेंदूचे दुखणे तर नेमके येथेही जडते. १८४८ मध्ये अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या कवटीतून सुरुंगाची लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, बोलला, त्याची स्मृती शाबूत राहिली; पण पूर्वीचा जबाबदार माणूस लहरी आणि शिवराळ झाला. त्याला समजत सारे होते. कायद्याने आपला प्रश्न बदलावा काय, यावर आमचे मत पक्के नाही. तो सैल केला तर प्रत्येक संतापी नवरा मेंदूकडे बोट दाखवील, ही भीती खोटी नाही.

मेंदूलाच साक्षीला बोलावले तर? तसे याच शहरात घडले आहे. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप दिली, आणि निकालात इतर पुराव्यांबरोबर मेंदूतल्या विजेच्या एका चाचणीचाही आधार घेतला. आरोपीच्या डोक्याला तारा लावून तिला गप्प बसवायचे, गुन्ह्याबद्दलची वाक्ये ऐकवायची, आणि तिच्या मेंदूत 'अनुभवलेल्या' गोष्टीची खूण उमटते का ते यंत्राने सांगायचे, अशी ती चाचणी. जगभर खळबळ उडाली. ज्याने स्वतः केले त्याची आठवण, आणि ज्याने पोलीस कोठडीत तीच हकीकत वीस वेळा ऐकली त्याची आठवण, यांत भेद दाखवणारी खूण मेंदूच्या लहरींत मिळते, हे शास्त्रज्ञांना पटेल अशा रीतीने कोणी सिद्ध केले नव्हते. आठवण ही पेटीत ठेवलेली वस्तू नसते. प्रत्येक वेळी काढताना ती थोडी नव्याने रचली जाते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना जामीन दिला, आणि ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ठरवले की, अशी चाचणी संमतीशिवाय करणे म्हणजे माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडणे होय. बेर्गरच्या कागदावरच्या त्या रेषांवरून मनुष्य जागा आहे की झोपलेला हे कळते. तो दोषी आहे की निर्दोष हे कळत नाही.

आता दुसऱ्या भिंतीकडे थोडे पाहू आणि थांबू. आपल्या मनोरुग्णालयात दीर्घकाळ अडीच हजारांवर खाटा होत्या. आशियातल्या मोठ्यांपैकी ते एक. तेथे बरे होऊनही घरचे न्यायला आले नाहीत म्हणून राहिलेली माणसे आहेत. मधुमेह झालेल्या भावाला कोणी पत्ता खोटा देऊन दवाखान्यात सोडून येत नाही. मेंदूच्या दुखण्यात मात्र घराण्याची अब्रू जाते, बहिणीचे लग्न अडते, आणि चांगली शिकलेली माणसे देखील अंगाऱ्या-धुपाऱ्यांत वर्ष घालवून मग डॉक्टरकडे येतात. स्वादुपिंड हा एक अवयव आहे, मेंदू हाही एक अवयव आहे, हे शाळेत शिकवतात. घरी आल्यावर ते विसरण्याची सोय असावी.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. मनोरुग्णालाही निर्णय घेण्याची पात्रता असू शकते, असे तो मानतो: सांगितलेले समजत असेल, परिणाम कळत असेल आणि आपले म्हणणे खुणेने का होईना कळवता येत असेल, तर त्याच्यासाठी दुसऱ्याने ठरवायचे नाही. आणखी एक तरतूद आहे, ती आमच्या पाहण्यात फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे कधी आपले मन ठिकाणावर राहिले नाही तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे कोणाही सज्ञान माणसाला आज, शहाणपणी, लिहून ठेवता येते. तातडीच्या प्रसंगाचा अपवाद सोडला तर डॉक्टरने ते पाळायचे आहे. पाळणे योग्य नाही असे त्याला वाटले तर त्यासाठी नेमलेल्या मंडळापुढे त्याला जावे लागते. गुंगी चढण्यापूर्वी संमतिपत्रावर सही करण्यासारखेच हे आहे. फक्त गुंगी केव्हा येईल हे ठाऊक नसते. ज्यांना एकदा दुखणे येऊन गेले आहे आणि आज जे बरे आहेत, त्यांनी तरी हा कागद करून घ्यावा. त्याची रीत मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात विचारता येईल; येथल्या माणसांना ते ठिकाण काही लांब नाही.